मागे डोंगल, पुढे सॉकेट

टास्क मॅनेजर पन्नास टक्के दाखवतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, यंत्र अर्धं रिकामं आहे. माझ्या भाच्यालाही तसंच वाटलं. "मावशी, प्रोसेसर अर्धाच वापरला जातोय. तो बदलून काय मिळणार तुला?" मी एका पतपेढीच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ काढायला लावली होती आणि पडद्यावरची पट्टी कितीतरी वेळ जागची हलली नव्हती. माझ्या डेस्कटॉपमध्ये तेव्हा पेंटियम जी६२० होता. दोन कोअर (म्हणजे काम करणारे दोन गाभे), २.६ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे गरजेपुरता वेग वाढवायची सोय नाही, एका कोअरवर दोन कामं चालवणारं हायपरथ्रेडिंगही नाही. पीडीएफ काढणारं माझं जुनं सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोअर वापरतं. दोनांतला एक पूर्ण जुंपलेला आणि दुसरा मोकळा, म्हणजे सरासरी पन्नास. चार कोअरच्या यंत्रावर हेच काम पंचवीस टक्के दिसेल आणि तरी तिथेच अडेल. ही एक गोष्ट नीट कळली की जुन्या कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर निवडायचं निम्मं काम झालं म्हणायचं, कारण कोअर मोजायचे की वेग बघायचा, हे तिथेच ठरतं.

मी गिरगावात राहते आणि घरूनच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायची कामं करते. लग्नपत्रिका जवळजवळ संपल्या; त्या आता मोबाइलवर बनतात आणि मोबाइलवरच वाटल्या जातात. उरलेत ते अहवाल, स्मरणिका, ज्ञातिसंस्थांची मासिकं आणि पावसाळा सरता सरता येणारी दिवाळी अंकाची पानं. हे सगळं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. २००१ साली आलेली ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती, आणि माझ्या ओळखीचे छपाईवाले अजून तीच फाइल मागतात. त्यावर युनिकोडच्या आधीच्या काळातला मराठी फाँट, आणि त्या फाँटच्या सॉफ्टवेअरसाठी यूएसबीत खोचून ठेवायचा डोंगल. डोंगल नसेल तर अक्षर उमटत नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, ३२ बिटचा, म्हणून विंडोज ७, आणि तीही ३२ बिट. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला थांबली, तेव्हापासून या यंत्राची नेटची केबल मी काढूनच ठेवली आहे. मेल, युनिकोडची कामं, गिऱ्हाइकांची व्हॉट्सअ‍ॅपवरची घाई, हे सगळं लॅपटॉपवर.

"मग नवीनच घे ना," हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता मी उत्तर द्यायच्या आधी चहा टाकते. उत्तर लांबचं आहे. मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर विंडोज ७ ला पाठिंबाच दिला नाही. म्हणजे आज दुकानातून आणलेल्या नव्या यंत्रावर माझी जुनी विंडोज धड बसणार नाही, ती नाही तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही तर डोंगल नाही, आणि डोंगल नाही तर पतपेढीच्या गेल्या कित्येक वर्षांच्या फाइली नुसत्या अनाकलनीय खुणांनी भरलेल्या. कन्व्हर्टर आहेत, मला माहीत आहेत, मी वापरतेही. चार ओळींचं निवेदन ते व्यवस्थित बदलून देतात. पण ताळेबंदाच्या पानावर मराठीच्या मधोमध इंग्रजी नाव आलं की त्याचा चिवडा होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'तऱ्हा'मधला र भलतंच रूप घेतो. ज्या अहवालात एका शून्याने सभासद सभेत उठून उभे राहतात, तिथे मी असली पानं पुन्हा अक्षरन् अक्षर तपासत बसायची? वर्षातून एकदा लागणारी, गेल्या वर्षीच्याच फाइलीत आकडे बदलून करायची कामं जुन्याच यंत्रावर करणं, यात मला काही मागासलेपणा दिसत नाही.

तर यंत्र तेच ठेवायचं, पण ते जरा धावायला हवं. इथे लोक आधी रॅम वाढवतात. माझ्याकडे तो रस्ता बंद होता: ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या पुढची रॅम दिसत नाही, आणि ती भरलेली होतीच. डिस्क मी आधीच बदलून एसएसडी बसवली होती. माझ्या मदरबोर्डावरचे, डिस्क जोडायचे साटा पोर्ट जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे, म्हणजे एसएसडी आपल्या निम्म्याच ताकदीने चालते. तरीसुद्धा जुन्या हार्ड डिस्कनंतर तो बदल असा होता की मला काही दिवस यंत्र सुरू करायलाच मजा वाटायची. कुणी मला विचारलं की जुन्या डेस्कटॉपवर पहिला पैसा कशावर घालू, तर मी आजही एसएसडी म्हणेन, प्रोसेसर नाही. प्रोसेसरची पाळी यायला आधीचं सगळं झालेलं असावं लागतं. माझ्याकडे ती आली होती.

कॅबिनेटचं झाकण काढलं. गिरगावातली हवा खारी, समुद्र हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे पावसाळ्यानंतर यंत्र सुरू झालं नाही की रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या आणि परत बसवायची, हा उपाय घरातल्या सगळ्यांना येतो. पण या वेळी मला रॅम नको होती, बोर्डावरची अक्षरं वाचायची होती. सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणारी चिप), बोर्डाचं नाव, बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच सॉफ्टवेअरची) आवृत्ती असं सगळं पडद्यावर दाखवतं. पेन ड्राइव्हवरून आणून मी ते आधीच चालवून बघितलं होतं. सॉकेट एलजीए ११५५, चिपसेट एच६१. तरी बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेला रिव्हिजन नंबर डोळ्यांनी बघावा, असं माझं मत आहे. एकाच नावाचा बोर्ड कंपनी दोन-तीन रिव्हिजनमध्ये काढते आणि प्रत्येकाची प्रोसेसरची यादी वेगळी असते, बायोसची फाइलही वेगळी. पुस्तकाच्या कामात दुसरी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत केली तर पानांचे क्रमांक जुळत नाहीत, तसं हे.

सॉकेटची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण 'बसेल का?' हा प्रश्न सगळे सॉकेटपाशी सुरू करतात आणि तिथेच संपवतात. एलजीए ७७५ हा इंटेलचा २००४ सालचा सॉकेट. त्यात पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळं बसलं, आणि तरी ७७५ च्या कुठल्याही बोर्डावर ७७५ चा कुठलाही प्रोसेसर कधीच चालला नाही. चिपसेट आणि बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यामधल्या वाहिनीचा, वेग आड यायचा. मग २००९ मध्ये ११५६ आला आणि दोन वर्षांत, २०११ मध्ये, ११५५. एका संपर्कबिंदूचा फरक, पण खाचा वेगळ्या जागी, त्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसतच नाही. हे बरं. बसतच नाही म्हटल्यावर नुकसान होत नाही. त्रास होतो तो बसतो पण चालत नाही अशांचा. ११५१ हा २०१५ चा सॉकेट सहाव्या आणि सातव्या पिढीसाठी आला. २०१७ मध्ये आठव्या पिढीलाही इंटेलने तितक्याच बिंदूंचा सॉकेट ठेवला, पण जुन्या बोर्डांवर तो प्रोसेसर चालेल अशी सोय ठेवली नाही. हातात धरला तर बसणार, बटण दाबलं तर पडदा काळा.

भाचा एएमडीवाला, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा चाहता. त्याच्या पिढीला याचा राग समजत नाही, कारण एएम४ नावाच्या सॉकेटने त्यांना लाडावून ठेवलंय. रायझन हा त्यांचा प्रोसेसर २०१७ मध्ये आला आणि त्याच सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघाले. पण तिथेही सगळं सरळ नव्हतं. सुरुवातीच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ मेगाबाइटची. सगळ्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना, तेव्हा नव्याला जागा करायला काही बोर्डांवर जुन्या प्रोसेसरचा पाठिंबा काढून टाकावा लागला. पहिल्या पिढीच्या बोर्डांना रायझनची ५००० मालिका मिळायला २०२२ उजाडलं. सॉकेट तोच असून एवढा काळ कशाची वाट बघत होते, तर एका फाइलीची.

ती फाइल आणि तिच्याशेजारची ती यादी, खरा निर्णय तिथे असतो. प्रत्येक बोर्डाच्या कंपनीने आपल्या संकेतस्थळावर 'सीपीयू सपोर्ट लिस्ट' टाकलेली असते. मी ती लॅपटॉपवर उघडली आणि छापून घेतली, कारण प्रूफ मला कागदावरच दिसतं. प्रोसेसरचं नाव, वेग, कॅश (प्रोसेसरमधली छोटी स्मृती), अंतर्गत नाव, स्टेपिंग (त्याच प्रोसेसरची सुधारित आवृत्ती), वॉट, आणि अगदी शेवटच्या रकान्यात बायोसची आवृत्ती. माझ्या पेंटियमची ओळ अगदी वर. तो पहिल्या बायोसपासून चालतो. खाली खाली जावं तशी आवृत्ती वाढत जाते. तिसऱ्या पिढीचे, म्हणजे आयव्ही ब्रिजचे सगळे प्रोसेसर बऱ्याच नंतरच्या आवृत्तीवर. आणि मग यादी संपते. माझ्या बोर्डासाठी ती २०१३ च्या आसपास संपली होती. त्यानंतर तिच्यात कुणी एक अक्षर घातलेलं नाही, आणि घालणारही नाही.

मला त्या संपलेल्या यादीने जरा विचारात पाडलं, हे कबूल करते. आपण 'अपग्रेड' म्हणतो तेव्हा पुढे मोकळं मैदान आहे असं वाटतं. माझ्या यंत्रापुरतं बघायचं तर मागून डोंगलने बांधलेलं, पुढून सॉकेटने. मध्ये जी काही जागा उरली ती कुणीतरी तैवानमधल्या एखाद्या चाचणीच्या टेबलावर एकेक प्रोसेसर बसवून, चालतो, चालत नाही, अशी खूण करत करत बारा-तेरा वर्षांपूर्वी ठरवून टाकलेली. त्या माणसाने कंटाळून एखादी ओळ गाळली असेल तर ती माझ्यासाठी गाळलेलीच. मला याचं वाईट वाटलं नाही. उलट, आयुष्यभर ठरलेल्या मापाच्या पानात मजकूर बसवत आलेल्या बाईला हे काम ओळखीचं वाटलं. जागा कमी असते तेव्हाच प्रत्येक ओळ वाचावी लागते.

तर वाचल्या. यादीच्या टोकाला आय७-३७७०. चार कोअर, आठ थ्रेड (म्हणजे एका वेळी आठ कामं), टर्बोत ३.९ गिगाहर्ट्झ, ७७ वॉट. त्याच्या आधीच्या पिढीतला आय७-२६०० ही होता, ३.८ पर्यंत जाणारा, पण ९५ वॉटचा. यादीत असणं म्हणजे चालेल. किती वर्षं चालेल ते यादी सांगत नाही. एच६१ हा तेव्हाचा सगळ्यात स्वस्त चिपसेट, त्यामुळे त्याच्या बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भागही काटकसरीने बांधलेला. माझ्या बोर्डावर त्या घटकांवर साधी अ‍ॅल्युमिनियमची पट्टीसुद्धा नाही. माझ्या खोलीत एसी नाही. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत मीच तासाभरात थकते. ज्या यंत्राला मी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर जुंपणार, त्यात ९५ वॉट घालणं मला पटेना. ४५० वॉट असं मोठ्या अक्षरात छापलेल्या माझ्या स्वस्त एसएमपीएसवरही (यंत्राला वीज देणाऱ्या डब्यावर) माझा तितका विश्वास नाही.

मग सुरुवातीचा पन्नास टक्क्यांचा हिशेब कामाला आला. माझं मुख्य दुखणं एकाच कोअरचं. तिथे ३.९ आणि ३.६ यांत फरक आठ टक्क्यांचा. आय५-३४७० टर्बोत ३.६ पर्यंत जातो, वॉट तेच ७७, कोअर चार, फक्त हायपरथ्रेडिंग नाही, आणि ते माझ्या पेजमेकरच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. खरं बोलायचं तर आय३-३२४० हाही जवळचा उमेदवार होता: सतत ३.४ गिगाहर्ट्झ आणि फक्त ५५ वॉट. एकच काम करणारीला तो पुरतो. पण दिवाळी अंकाच्या दिवसांत मागे पीडीएफ निघत असते, पुढे फोटोशॉपमध्ये जाहिरातदाराचा अंधारात काढलेला फोटो उजळायचा असतो, आणि फोटोशॉपचे बरेच फिल्टर चारही कोअर वापरतात. म्हणून आय५.

झिऑनचा मोह मात्र झाला होता. ई३-१२३० व्ही२ हा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर ११५५ मध्येच बसतो, आठ थ्रेड देतो, आणि जुना घ्यायला गेलं तर आय७ पेक्षा स्वस्त मिळतो. पण त्याच्यात ग्राफिक्सच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. आय५ मध्येही ३३५०पी सारखे, शेवटी पी असलेले, ग्राफिक्सविना येतात. या शेवटच्या अक्षरांकडे लोक वेलांटी-उकाराकडे बघतात तेवढंही बघत नाहीत. के म्हणजे वेग वाढवायला मोकळा, पण एच६१ वर तो वाढवता येत नाही, म्हणजे जास्तीचे पैसे पाण्यात. एस म्हणजे कमी वॉटचा. आणि ३४७० च्या पुढे टी लागला तर तो चार कोअरचा राहतच नाही, दोनचा होतो. आकडा तोच, डबा तोच, कोअर निम्मे.

खरेदीच्या आधी बायोस. हा क्रम उलटा करू नये, कारण नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर पडदाच उजळत नाही, आणि पडदा उजळल्याशिवाय बायोस बदलता येत नाही. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच नवा बायोस चढवायचा. फाइल योग्य रिव्हिजनची, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला. माझ्या बोर्डाच्या पानावर एक सूचना होती: या आवृत्तीवर गेलात की मागच्या आवृत्तीवर परत येता येणार नाही. आयव्ही ब्रिजसाठी बोर्डावरचं इंटेलचं मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअरही बदलावं लागतं, त्यामुळे परतीचा रस्ता बंद होतो. अशी स्पष्ट वाक्यं मला आवडतात.

मुंबईत वीज जात नाही, ही आपली जुनी मिजास. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांसमोर ती आपण मिरवतोही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या शहराची वीज एकदम गेली आणि लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, तेव्हापासून मी ती मिरवणं सोडलं. बायोस चढत असताना वीज गेली तर बोर्ड बहुधा गेलाच. म्हणून शेजारच्या घरातला यूपीएस मागून आणला, बॅटरी खरंच तग धरते का ते नुसता टेबल लॅम्प लावून बघितलं, आणि मग एंटर दाबलं. दोन-चार मिनिटांचं काम. त्या वेळात घरात कुणाला मिक्सर लावू दिला नाही. याला शास्त्रीय आधार काही नाही.

लॅमिंग्टन रोड, मुंबईचा कॉम्प्युटरच्या भागांचा बाजार, आमच्यापासून चालत जाण्याजोगा. ऑपेरा हाउसच्या चौकातून वळलं की तो सुरू होतो. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव पाटीवरून कधीच गेलं, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण टॅक्सीवाले सोडा, दुकानांच्या बिलांवरसुद्धा अजून जुनंच नाव दिसतं. बाहेरगावचे लोक ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून येतात. रस्त्याकडेची दुकानं नव्या मालाची, चकचकीत. जुना माल जिन्याने वर किंवा गल्लीत आत. तिथे काउंटरवर पुठ्ठ्यावर उघडाच मांडलेला बोर्ड, त्याला जोडलेला एसएमपीएस आणि एक जुनाट मॉनिटर, हे दिसलं की मी आत जाते. दुकानदार आपल्यासमोर प्रोसेसर लावून दाखवणार, हे त्यावरून कळतं.

"मॅडम, आय-सेव्हनच घ्या ना. परत परत यायला नको," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. सावंतवाडीकडचा असावा, हेल तसा होता.

"परत यायचंच कशाला? यादी इथेच संपते."

"म्हणूनच म्हणतो. शेवटचा आहे तो. शेवटच्याला मागणी असते."

त्याने एका वाक्यात सगळा बाजार सांगितला. सॉकेट बंद झाला की त्यातला सगळ्यात वरचा प्रोसेसर महागच राहतो, कारण ज्याला ज्याला शेवटचं एकदा यंत्र सुधारायचं असतं तो त्याच्याकडेच धावतो. आय५ चं उलट. ऑफिसांनी त्या काळात ढिगाने आय५ चेच डेस्कटॉप घेतले, आणि पुढे ती यंत्रं काढली तेव्हा लॉटच्या लॉट इथे आले. त्यामुळे त्या दुकानात आय७ ची किंमत आय५ च्या दुपटीच्याही वर होती. वेगात आठ टक्के आणि किमतीत दुप्पट. डीटीपीचे दर गेल्या दहा वर्षांत किती वाढलेत ते आठवलं की हा निर्णय फार अवघड राहत नाही.

त्याच काउंटरवर नव्या खोक्यातले एच६१ चे बोर्डही होते. इंटेलने तो चिपसेट केव्हाच मागे टाकला, पण जुन्या प्रोसेसरचे ढीग आहेत तोवर कुणीतरी त्यांच्यासाठी बोर्ड बनवत राहणार. बोर्ड मेलेल्यांसाठी ही सोय चांगली आहे. फक्त त्यांची प्रोसेसरची यादी आणि बायोसची फाइल शोधायला गेलं तर पुष्कळदा काही हाती लागत नाही, आणि माझ्यासारखीला यादीशिवाय झोप येत नाही.

प्रोसेसर हातात घेऊन मी उलटसुलट बघितला. वरच्या धातूच्या झाकणावर एसआर०टी८ हा कोड होता. तो ३४७० चाच. 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं छापलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना असतो, तो घेऊ नये. पण झाकणावरच्या अक्षरांवर एकट्यावर भिस्त ठेवू नये, छापणं किती सोपं असतं हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. "लावून दाखव," म्हटलं. त्याने लावला, पडदा आला, सीपीयू-झेडमध्ये नाव, कोअर, कॅश ६ एमबी, सगळं यादीसारखं. खालच्या सोनेरी ठिपक्यांवर कुठे काळा डाग नाही. वॉरंटी 'चेकिंग'ची, म्हणजे घरी नेऊन लावा आणि नाही चाललं तर लगेच आणा.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. ज्याची भीती वाटावी अशी जागा एकच. या सॉकेटच्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या. तिथे बोट, पेस्टचा थेंब किंवा ओढणीचं टोकही जाता कामा नये. सोनेरी त्रिकोण आणि दोन्ही खाचा जुळल्या की प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसतो, दाबायचा नसतो. दाबायची ती वरची दांडी, आणि ती दाबताना जो करकर आवाज येतो तो योग्यच असतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. पेंटियमसोबत आलेला कूलर अंगाने बारीक, म्हणून त्याच दुकानातून तांब्याच्या गाभ्याचा जुना कूलर घेतला होता. त्याच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, टक् वाजेपर्यंत.

विंडोजने नवा प्रोसेसर बघून ग्राफिक्सचा ड्रायव्हर मागितला, एकदा रिस्टार्ट झाली, आणि डोंगलचा हिरवा दिवा लागला. मला त्या दिव्याचीच काळजी होती.

फरक? गणित आधीच सांगत होतं तेवढाच. २.६ वरून ३.६, वर थोडी नव्या पिढीची आणि मोठ्या कॅशची भर. पीडीएफ साधारण दीडपट वेगाने निघते. दुप्पट नाही, चौपट तर नाहीच, कोअर चौपट झाले असते तरी नाही. फोटोशॉपमध्ये मात्र खरंच मोकळं वाटतं, आणि पीडीएफ निघत असताना पेजमेकरचं पान सरकतं, जे आधी सरकत नव्हतं. टास्क मॅनेजर आता सव्वीस-सत्तावीस टक्के दाखवतो. भाच्याला ते बघून हसू आवरेना. जुन्या पेंटियमचे दुकानदाराने चहापुरते पैसे देऊ केले होते. मी तो ठेवून घेतला. कधी पडदा उजळला नाही तर दोष प्रोसेसरचा की बोर्डाचा हे बघायला घरात दुसरा असलेला बरा.

परवा भाच्याचा फोन. त्याच्या मित्राकडे एका मोठ्या कंपनीचा जुना, ब्रँडेड, ऑफिसातून निघालेला डबा आहे, त्यालाही ११५५ च सॉकेट. "त्यात पण ३४७० टाकू ना, मावशी? तुझा चाललाय."

"चिपसेट कुठला?"

"क्यू६७. तुझ्या एच६१ पेक्षा भारी."

भारी आहेच. पण इंटेलच्या हिशेबात बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ यांना आयव्ही ब्रिज नाही. माझ्या गरीब एच६१ ला जे मिळालं ते ऑफिसच्या महागड्या बोर्डाला नाही. त्या यंत्राची यादी दुसऱ्या पिढीवर थांबणार, म्हणजे आय५-२४०० किंवा फार तर आय७-२६००, आणि दोन्ही ९५ वॉट.

"मग आय७-२६०० घेऊ?"

"डबा उभा आहे की आडवा?"

"आडवा. अगदी चपटा."

"मग आधी झाकण काढून कूलरचा फोटो पाठव. आणि एसएमपीएसवरचं लेबल पण, वाचता येईल असा. अंधारात काढू नकोस."